चिक्की, चॉकलेट आणि पाकाचा थेंब

डिसेंबर महिना उजाडला की दोन गोष्टी जवळ येतात. एक नाताळची सुटी आणि दुसरी संक्रांत. या दिवसांत घरच्या घरी काही गोड करून पाहायचे असेल, तर दाण्यांची चिक्की आणि दाणे घातलेले चॉकलेट यांच्याइतके सोपे पदार्थ नाहीत, असे सगळेच सांगतात. साहित्य मोजके आणि वेळ फार तर तासाभराचा. तरीही एकाच आळीतल्या दोन घरांत, एकाच दुकानातून आणलेल्या गूळ-दाण्यांची चिक्की केली, तर एका घरची चिक्की कटकन मोडते आणि दुसऱ्या घरची दाताला चिकटून बसते. चॉकलेटचेही तसेच. एकाचे चकचकीत होते, तर दुसऱ्याच्या चॉकलेटवर दोन दिवसांत पांढुरका थर दिसू लागतो.

साहित्य तेच, मग फरक कोठे पडला? मोठ्या माणसांना विचारले, तर “हाताला चव असावी लागते” असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या हाताच्या जवळ थंड पाण्याची एक वाटी ठेवलेली असते, आणि त्या वाटीत पाकाचा एक थेंब टाकून पाहिला जातो. ही वाटी म्हणजे मोजमापाचे एक चांगले साधन आहे. या कामापुरते तर ते तापमापकापेक्षाही चांगले आहे. ते कसे, हे आपण पाहू.

साखरेचा शत्रू, चिक्कीचा मित्र

पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पलीकडे मांजरी आहे. तेथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही ऊस आणि साखर यांवर संशोधन करणारी संस्था आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी १९७५ साली ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने ती स्थापन केली. १९८९ साली वसंतदादा पाटील यांचे निधन झाल्यानंतर तिला त्यांचे नाव देण्यात आले. साखर म्हणजे काय आणि ती बिघडते कशी, हे समजून घ्यायला आपण येथूनच सुरुवात करू.

उसातील मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. तिचा एक रेणू दोन लहान साखरा जोडून झालेला असतो. एक ग्लुकोज, म्हणजे द्राक्षशर्करा आणि दुसरी फ्रुक्टोज, म्हणजे फलशर्करा. आम्ल आणि उष्णता यांच्या साहाय्याने, किंवा विकरांच्या म्हणजे एन्झाइमांच्या क्रियेने, सुक्रोजचा रेणू पाण्याचा एक रेणू घेऊन फुटतो:

सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज
३४२ + १८ = १८० + १८०

खालचे आकडे रेणुभाराचे आहेत. डावी आणि उजवी बाजू जुळते का, ते पाहा.

या क्रियेला साखर कारखान्यात ‘इन्व्हर्शन’ म्हणजे ‘उलटणे’ म्हणतात. उलटते काय? सुक्रोजच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश पाठवला, तर त्याच्या कंपनाचे प्रतल उजवीकडे वळते. सुक्रोज फुटून तयार झालेले मिश्रण मात्र तेच प्रतल डावीकडे वळवते. पोलॅरिमीटर या उपकरणाने हे वळण मोजतात आणि त्यावरून रसात सुक्रोज किती आहे ते ठरवतात.

कारखान्याच्या दृष्टीने इन्व्हर्शन म्हणजे निव्वळ तोटा. फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत. ती मळीत जाते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा अशी धडपड असते, आणि रसातील आम्लता कमी करण्यासाठी त्यात चुना घालतात. कारखान्याला नकोशी असलेली हीच फुटलेली साखर चिक्की करणाऱ्याला मात्र हवी असते. का, ते पाहण्यासाठी आधी पाक समजून घेऊ.

पाक उकळतो तेव्हा

शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते आणि सगळे पाणी संपेपर्यंत त्याचे तापमान वाढत नाही. पाकाचे तसे नाही. पाकातून वाफ जाते ती फक्त पाण्याची; साखर मागे राहते. पाक जसजसा दाट होतो, तसतसा त्याचा उत्कलनांक चढत जातो. समजा, २०० ग्रॅम साखरेत १०० ग्रॅम पाणी घालून आपण ती उकळत ठेवली. खालील आकडे सुमाराचे असून समुद्रसपाटीचे आहेत.

साखर ७० टक्के: पाकाचे वजन २८६ ग्रॅम, उरलेले पाणी ८६ ग्रॅम, उत्कलनांक १०६ अंश
साखर ८० टक्के: वजन २५० ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम, उत्कलनांक ११२ अंश
साखर ९० टक्के: वजन २२२ ग्रॅम, पाणी २२ ग्रॅम, उत्कलनांक १२५ अंश
साखर ९५ टक्के: वजन २१०.५ ग्रॅम, पाणी १०.५ ग्रॅम, उत्कलनांक १४० अंश
साखर ९९ टक्के: वजन २०२ ग्रॅम, पाणी २ ग्रॅम, उत्कलनांक १५० अंश

आता स्वयंपाकघरातले शब्द या आकड्यांशेजारी ठेवा. तारेचा पाक १०५ अंशांच्या आसपास असतो. पाण्यात टाकल्यावर मऊ गोळी होणारा ‘गोळीबंद’ पाक ११२ ते ११६ अंशांचा. आणि थेंब पाण्यात पडताच कडक होऊन मोडतो, तो चिक्कीचा पाक १४५ ते १५० अंशांचा. आजीने दिलेली ही नावे म्हणजे पाकात पाणी किती उरले आहे, याच्या खुणाच आहेत.

कोष्टकाच्या शेवटच्या दोन ओळी पुन्हा पाहा. ९५ टक्क्यांवरून ९९ टक्क्यांवर जायला फक्त ८.५ ग्रॅम पाणी उडावे लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० जूल अप्रकट उष्मा लागतो, म्हणजे एकूण सुमारे १९,२०० जूल. मंद आचेवर पाकाला दर सेकंदाला ४०० जूल मिळतात असे धरले, तर हे काम ४८ सेकंदांत होते! सुरुवातीला पाक पुष्कळ वेळ जिथल्या तिथे उकळताना दिसतो आणि शेवटी बघता बघता पुढे जातो, त्याचे कारण हे. चिक्की बिघडते किंवा साधते ती याच शेवटच्या मिनिटात. म्हणून थेंबाची परीक्षा करताना गॅस बंद करावा. नाहीतर आपण वाटीतला थेंब तपासत असतो आणि कढईतला पाक पुढे निघून गेलेला असतो.

रांगेत उभे राहणे आणि ‘स्टॅच्यू’

२० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०४ ग्रॅम साखर विरघळते. १०० अंशांना सुमारे ४८७ ग्रॅम. तेव्हा गरम पाक थंड होऊ लागला की तो अतिसंपृक्त होतो. पाण्याला पेलवणार नाही इतकी साखर त्यात असते. या जादा साखरेपुढे दोन वाटा असतात.

शाळेच्या मैदानावर मधल्या सुटीत मुले इकडे तिकडे धावत आहेत अशी कल्पना करा. घंटा झाली आणि पुरेसा वेळ मिळाला, तर मुले आपापल्या जागी नीट रांगांत उभी राहतात. याऐवजी कोणी एकदम ‘स्टॅच्यू!’ म्हणून ओरडले, तर जो जेथे असेल तेथेच थिजतो. मैदान शांत होते, पण रांगा नसतात.

रेणू रांगांत बसले की स्फटिक होतात. आपली दाणेदार साखर, खडीसाखर आणि संक्रांतीचा काटेरी हलवा ही याची उदाहरणे. हलवा करताना परातीत तीळ घेऊन मंद आचेवर हाताने फिरवत राहतात आणि मधूनमधून चमचाभर पातळ पाक घालतात. पाणी हळूहळू उडते आणि साखर तिळाभोवती थरावर थर बसत जाते. स्फटिकाला सुरुवात करायला काहीतरी आधार लागतो, त्याला ‘बीज’ म्हणतात. हलव्यात ते बीज म्हणजे खरोखरचे तिळाचे बी असते!

रेणू ‘स्टॅच्यू’ झाले की घन पदार्थ तयार होतो खरा, पण तो काचेसारखा असतो. तो पारदर्शक व ठिसूळ असतो आणि त्याला ठरावीक द्रवणांक नसतो. चिक्कीतला दाण्यांमधला सोनेरी भाग म्हणजे ही साखरेची काच होय. चिक्कीचा पाक इतका दाट असतो की थंड होताना रेणूंना रांगा करायला हालचालच करता येत नाही.

मात्र ही काच किती तापमानापर्यंत कडक राहील, हे तिच्यातील पाण्यावर ठरते. कोरड्या सुक्रोजची काच सुमारे ६० ते ७० अंशांपर्यंत कडक राहते. तिच्यात चार-पाच टक्के पाणी उरले, तर ही मर्यादा घसरून खोलीच्या तापमानाजवळ येते. मग दिसायला चिक्की झालेली असते, पण ती काच नसून अतिशय दाट द्रवच असतो. तोच दाताला चिकटतो. दाताला चिकटणारी चिक्की बहुधा कच्च्या पाकाची असते, असे जे म्हणतात, त्याचा अर्थ हा.

गूळ आणि लिंबाचे दोन थेंब

नुसत्या साखरेची चिक्की करताना दुसरा एक धोका असतो. पाक फार ढवळला, किंवा कढईच्या कडेला लागलेला साखरेचा एखादा कण आत पडला, तर तो बीजाचे काम करतो आणि सगळा पाक क्षणात पांढरा, रवाळ होतो. येथे कारखान्याचा तो शत्रू आपल्या मदतीला येतो. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे रेणू सुक्रोजहून लहान आणि वेगळ्या आकाराचे असतात. एकसारख्या विटांच्या भिंतीत वेगळ्या मापाच्या विटा घुसल्या, तर रचना जमत नाही. तसेच सुक्रोजच्या स्फटिकाचे होते. म्हणून साखरेच्या पाकात लिंबाच्या रसाचे थेंब घालतात. त्यातील आम्लामुळे थोडे सुक्रोज फुटते आणि उरलेल्याला रांगा करू देत नाही.

गुळात अशी फुटलेली साखर मुळातच असते. संक्रांतीच्या आधी वाण्याकडे ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा मागावा लागतो. तो चिकट आणि चिवट असतो, साध्या गुळासारखा भुगा होत नाही. त्याचा पाक रवाळ होण्याची भीती कमी असते.

पण प्रत्येक सोयीची काही किंमत असते. फ्रुक्टोज हवेतील बाष्प फार चटकन ओढून घेते. त्यामुळे गुळाची चिक्की उघडी राहिली, तर साखरेच्या चिक्कीपेक्षा लवकर नरम पडते. लिंबूही दोन-चार थेंबच; जास्त झाले तर चिक्की चिकटच राहते.

वाटीचे शास्त्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाक १५० अंशांचा हवा, तर तापमापक का लावू नये?

पहिली अडचण साधनाची. ताप मोजायचा तापमापक ४२ अंशांपर्यंतचा असतो आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला नेहमीचा तापमापक ११० अंशांपर्यंतचा. चिक्कीच्या पाकात बुडवला तर दोन्ही निकामी होतील, कदाचित फुटतील. प्रयोगशाळेत जास्त तापमानाचे तापमापक असतात, पण त्यांत बहुधा पारा असतो. पारा विषारी आहे. खाण्याच्या पदार्थाजवळ असा तापमापक कधीही नेऊ नये.

दुसरी अडचण उंचीची. जितके उंच जावे, तितका हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो. पुणे आणि मांजरी समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहेत. येथे पाणी ९८ अंशांना उकळते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तेथे पाणी ९५ ते ९६ अंशांना उकळते. पाकाचा उत्कलनांकही जवळजवळ तेवढाच खाली येतो. समजा, मुंबईत छापलेल्या पुस्तकात वडीसाठी ११६ अंशांचा पाक सांगितला आहे आणि तुम्ही तो महाबळेश्वरला तापमापक लावून तंतोतंत केला. तर त्यात पाणी इतके कमी उरेल की तो मुंबईच्या १२० अंशांच्या पाकासारखा होईल, आणि वडी दगडासारखी! त्यातही गूळ म्हणजे शुद्ध सुक्रोज नव्हे. प्रत्येक ढेपेची घडण थोडी वेगळी, म्हणून आकडा पुन्हा थोडा हलतो.

वाटीतल्या थेंबाला यातली एकही अडचण येत नाही. पाक किती अंशांना उकळतो, हे आपल्याला खरे तर जाणून घ्यायचेच नसते. थंड झाल्यावर तो किती कडक होईल, हे जाणून घ्यायचे असते. थेंब नेमके तेच करून दाखवतो. तो काही सेकंदांत थंड होतो आणि होणाऱ्या चिक्कीचा छोटा नमुना आपल्या हाती येतो. मुंबई असो, मांजरी असो की महाबळेश्वर, कोल्हापूरचा गूळ असो की घरची साखर, थेंब कडक झाला म्हणजे पाक झाला. तापमापक आपल्याला एक आकडा देतो आणि त्यावरून अनुमान काढावे लागते. थेंब थेट उत्तर देतो.

मात्र प्रत्येक उपकरणाप्रमाणे ही वाटीही नीट वापरावी लागते. पाणी दर वेळी बदलावे, कारण कोमट पाण्यात पक्का पाकही मऊ वाटतो. थेंब लहान आणि दर वेळी सारखाच असावा. तो पाण्यात पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच बोटात धरून मोडावा. वाकला तर पाक कच्चा. कटकन मोडला, किंवा वाटीवर आपटल्यावर ‘टण्’ असा आवाज आला, तर पाक पक्का.

दाणे भाजायचे कशासाठी?

कच्च्या शेंगदाण्यात साधारण ५ ते ६ टक्के पाणी असते. ते न भाजता पाकात टाकले, तर हे पाणी हळूहळू भोवतीच्या साखरेच्या काचेत शिरते आणि आतूनच चिक्की नरम पडते. भाजल्याने बहुतेक पाणी निघून जाते. शिवाय दाण्यातील प्रथिने आणि साखरा यांच्यात उष्णतेने क्रिया होऊन खमंग वास आणि तांबूस रंग येतो. या क्रियेचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ साली केले. तिला त्यांचेच नाव आहे.

दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे फेकून द्यावेत. त्यांवर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, आणि ते भाजल्याने पुरते नाहीसे होत नाही.

करून पाहा: दाण्यांची चिक्की

साहित्य: निवडून भाजलेले, साले पाखडलेले शेंगदाणे २०० ग्रॅम, चिक्कीचा गूळ २०० ग्रॅम, तूप २ चमचे, खाण्याचा सोडा चिमूटभर, थंड पाण्याची वाटी.

हा प्रयोग घरातील मोठे माणूस शेजारी असतानाच करावा. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा फार घातक असतो, कारण तो अधिक तापलेला तर असतोच, शिवाय कातडीला चिकटून राहतो. चुकून भाजलेच, तर तो भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा आणि डॉक्टरांना दाखवावा. त्यावर टूथपेस्ट, हळद वगैरे काही लावू नये.

१. पोळपाट, लाटणे आणि सुरी यांना तुपाचा हात लावून सर्व आधीच तयार ठेवा. नंतर वेळ मिळत नाही.

२. दाण्यांच्या पाकळ्या मोकळ्या करून ते किंचित गरम ठेवा. गार दाण्यांनी पाक एकदम निवतो आणि नीट मिसळत नाही.

३. जाड बुडाच्या कढईत एक चमचा तूप व चिरलेला गूळ घालून मंद आचेवर वितळू द्या. फेस येऊन रंग गडद होऊ लागला की गॅस बंद करून थेंब तपासा. थेंब वाकला, तर पुन्हा गॅस लावा आणि दर अर्ध्या मिनिटाने तपासा.

४. थेंब कटकन मोडला की गॅस बंद करा. चिमूटभर सोडा घालून एकदा ढवळा. उष्णतेने आणि गुळातील आम्लाने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याचे बारीक बुडबुडे काचेत अडकून चिक्की खुसखुशीत होते.

५. लगेच दाणे मिसळा, गोळा पोळपाटावर उलथन्याने काढा आणि लाटण्याने पसरवा. हात लावू नका.

६. गरम असतानाच सुरीने रेघा पाडा. या वेळी काच अजून मऊ असते. पूर्ण थंड झाल्यावर ती रेघेवर मोडते; पण आधी रेघा पाडल्या नसतील, तर वाटेल तशी फुटते.

थंड होताच तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

चॉकलेटचे सहा अवतार

चॉकलेटमध्ये पाक नसतो. त्यात साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण कोको बटर नावाच्या स्निग्ध पदार्थात बसवलेले असतात. कोकोची झाडे आपल्या दक्षिणेत नारळ-सुपारीच्या बागांतही वाढतात. ज्याप्रमाणे आपल्याकडे ऊस उत्पादकांनी साखर कारखाने काढले, त्याप्रमाणे तिकडे सुपारी व कोको उत्पादकांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेने १९८६ साली कर्नाटकातील पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना सुरू केला.

चिक्कीत आपल्याला स्फटिक नको होते. चॉकलेटमध्ये ते हवेत, पण एकाच विशिष्ट प्रकारचे. कोको बटरचे रेणू सहा निरनिराळ्या प्रकारे रांगा करू शकतात. विले आणि लटन या शास्त्रज्ञांनी १९६६ साली हे सहा प्रकार क्रमांकाने मांडले. हिऱ्यात आणि ग्राफाइटमध्ये कार्बनच असतो, पण रचना वेगळी, तसेच हे. यांपैकी पाचवा प्रकार सुमारे ३४ अंशांना वितळतो. आपल्या तोंडाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. म्हणून असे चॉकलेट हातात कडक राहते, मोडताना आवाज करते आणि जिभेवर विरघळते. खालच्या क्रमांकांचे प्रकार त्याहून कमी तापमानाला वितळतात आणि टिकतही नाहीत. त्यांचे हळूहळू वरच्या प्रकारात रूपांतर होते आणि त्यात चॉकलेटवर पांढुरका थर येतो. ही बुरशी नव्हे. ते कोको बटरचेच स्फटिक असतात.

तेव्हा युक्ती अशी, की वितळलेल्या चॉकलेटला पाचव्या प्रकारचे ‘बीज’ द्यायचे. ते बीज मिळते कोठे? कारखान्यातून आलेल्या न वितळलेल्या चॉकलेटमध्ये ते तयारच असते. हलव्यातला तीळ आठवला ना?

करून पाहा: दाण्यांचे चॉकलेट

साहित्य: साधे गडद चॉकलेट २०० ग्रॅम, भाजून पूर्ण गार केलेले शेंगदाणे, काजू किंवा बदाम १५० ग्रॅम, हवे असल्यास थोड्या मनुका. चॉकलेट विकत घेताना वेष्टन वाचा. त्यावर कोको बटर लिहिलेले असावे. पुष्कळ स्वस्त वड्यांमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. त्या नुसत्या वितळवून ओतल्या तरी घट्ट होतात, पण त्यांत हा प्रयोग दिसणार नाही.

१. १५० ग्रॅम चॉकलेटचे तुकडे कोरड्या वाडग्यात घ्या. उरलेले ५० ग्रॅम किसून बाजूला ठेवा.

२. पातेल्यात पाणी गरम करून गॅस बंद करा आणि त्यावर वाडगे ठेवा. वाडग्याचे बूड पाण्याला टेकू नये आणि आत पाण्याचा थेंबही पडू नये. थोड्याशा पाण्याने साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्या चॉकलेटच्या गुठळ्या होतात.

३. चॉकलेट पूर्ण वितळले की वाडगे उतरवा. ते किंचित निवल्यावर कीस थोडा थोडा घालत ढवळत राहा. हे चॉकलेट सुमारे ३१ ते ३२ अंशांवर आणायचे आहे.

४. येथेही थेंबाचीच परीक्षा. चमच्याच्या पाठीवर पातळ थर द्या आणि थंड जागी ठेवा. चार-पाच मिनिटांत तो चकचकीत होऊन घट्ट झाला, तर बीज लागले. ओला किंवा पट्टेदार राहिला, तर आणखी थोडा कीस घालून ढवळा.

५. दाणे मिसळून चमच्याने लहान ढीग बटर पेपरवर घाला आणि थंड खोलीत राहू द्या. डिसेंबरमधील पुण्याची संध्याकाळ याला उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात खोलीच ३४ अंशांच्या पुढे जाते, तेथे चॉकलेट बिचारे काय करणार!

मनुकांविषयी एक गोष्ट. मांजरीतच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आणि सांगलीचे बेदाणे तर प्रसिद्धच आहेत. वाळवलेल्या बेदाण्यातही साधारण १५ टक्के पाणी उरलेले असते. म्हणून तो चिक्कीत घातला, तर भोवतीची साखरेची काच पाणी ओढून चिकट होते. चॉकलेटमध्ये मात्र कणांभोवती चरबीचे आवरण असल्याने तो खुशाल चालतो.

वहीत नोंद करा

चिक्कीचे तीन तुकडे घ्या. एक घट्ट डब्यात, एक उघड्या ताटलीत आणि एक पाण्याच्या वाटीशेजारी झाकणाखाली ठेवा. रोज सकाळी-संध्याकाळी तिन्ही बोटाने दाबून पाहा आणि कोणता कधी चिकट होतो, ते तारीख-वेळ घालून लिहा. हे निरीक्षणाचे तुकडे खाऊ नका. शिक्षकांनी वर्गात साखरेची आणि गुळाची अशी दोन प्रकारची चिक्की वाटून हाच प्रयोग गटागटाने करून घेतला, तर दोन्हींच्या नोंदींची तुलना करता येईल. शक्य असेल तर पावसाळ्यात तो पुन्हा करावा.

आणखी एक काम. घरात किंवा शेजारी जे कोणी वर्षानुवर्षे चिक्की, वड्या, हलवा करत असेल, त्यांच्याजवळ बसून पाकाच्या किती खुणा त्यांना माहीत आहेत, हे विचारा. फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार, झाऱ्यावरून पडणारी धार, थेंबाचा आवाज अशा पुष्कळ खुणा सांगतील. त्या सगळ्या लिहून घ्या आणि प्रत्येक खूण नेमके काय मोजते, याचा विचार करा. उरलेले पाणी, दाटपणा, की तापमान? जी खूण समजणार नाही, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवा. ते प्रश्न पुढच्या प्रयोगाला उपयोगी पडतील.